बरा झाल्यावर

विलास,

परवा सकाळी तू गेलास आणि दहाच्या सुमाराला तालमीच्या भिंतीवरच्या फळ्यावर तुझं नाव मी लिहिलं. ‘आपल्या पेठेतील गिरणीवाले विलास यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन. अंत्ययात्रा दुपारी एक वाजता. रक्षाविसर्जन रविवारी सकाळी नऊ वाजता.’ गेल्या पाच महिन्यांत असले सात-आठ मजकूर मी त्या फळ्यावर लिहिले आहेत, त्यामुळं हात सराईतासारखा चालला. ‘अल्पशा आजाराने’ हे शब्द तर हात आपोआपच काढतो. लिहून झाल्यावर दोन पावलं मागं सरून मी अक्षर बघितलं. बरं आलं होतं. मी चित्रकलेचा मास्तर. मित्र मेला तरी ओळ सरळ आहे का, ते आधी बघणार.

फळ्याच्या वरच्या निम्म्या भागात आदल्या दिवशीचा सुविचार तसाच होता. ‘मनाची उमेद हे निम्मं औषध.’ तोही माझाच. पुसायचं लक्षात आलं नाही. तुझ्या गिरणीशेजारचा सायकलवाला थांबून वाचत होता. म्हणाला, “मास्तर, वर औषध आणि खाली निधन. ह्यो कसला मेळ घातलाय?” मी त्याला उत्तर दिलं नाही. तुला देतो आहे, कारण ते ऐकण्याचा हक्क तुझा आहे, आणि तू असताना द्यायचं धाडस मला झालं नाही.

फळा तुझा होता. तीस वर्षं रोज सकाळी सहाला, गिरणीचा पट्टा चालू करायच्या आधी, तू खडू घेऊन तिथं उभा राहायचास. खाली पेठेच्या बातम्या, म्हणजे आज पाणी येणार नाही, उद्या मैदानावर मॅच, अमक्याची आई गेली. आणि वर तुझा सुविचार. अक्षर तर असं की डावीकडं ढबू सुरू व्हायचं आणि उजवीकडं जाईपर्यंत जागा संपायची. शेवटचा शब्द चौकटीवर चढायचा. मी शाळेला जाताना वाचायचो आणि दुपारी तुझी चेष्टा करायचो. तू म्हणायचास, “लगा, इचार मोठा असला की जागा कमीच पडती.” निम्मे विचार कुठंतरी ऐकलेले असायचे, निम्मे गिरणीतच सुचलेले. ‘सुख दुसऱ्याच्या दळणात शोधू नये, मिसळ होते.’ याचा अर्थ काय, असं मी विचारलं, तर तू म्हणालास की गव्हाच्या मागून लगेच ज्वारी टाकली की बायका भांडतात, तसंच आहे हे. मला तो अर्थ आजही नीट कळलेला नाही, पण लोक फळ्यापुढं थांबायचे.

गिरणीच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळं तुला हळू बोलता यायचं नाही. बारशाला, मयताला, दवाखान्यात, सगळीकडं एकच आवाज. सुमन वहिनी म्हणायच्या, आमच्या घरातलं गुपित आधी चौकाला कळतं आणि मग मला. आणि त्याच आवाजात तू दळणाला आलेल्या प्रत्येकाला धीर द्यायचास. कुणाचा नवरा दारू प्यायचा, कुणाचा मुलगा दहावीला बसला की आपटायचा. तुझं एकच वाक्य, “काय होत न्हाय, मावशी.” पिठाच्या डब्याबरोबर बायका ते वाक्य घेऊन घरी जायच्या. मला वाटायचं, चांगलं जगणं म्हणतात ते हेच असावं. लोकांना घटकाभर बरं वाटेल असं काहीतरी बोलावं, आपलं काय जातंय?

मग तो मोठा पूर आला.

आक्का तुझी थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनंच तुला वाढवलं. तिला शिरोळकडच्या गावात दिली तेव्हा तू तिच्या गाडीमागं नाक्यापर्यंत रडत पळाला होतास, हे तूच हसून सांगायचास. शाळेच्या सुट्टीत तू मलाही तिच्याकडं न्यायचास. आपण उसाच्या फडात खेळून यायचो आणि ती दोघांच्या पुढं एकच मोठी ताटली ठेवायची. तिच्या हातचं गरम दूध आणि भाकरी खाऊन आपण वाढलो. नवरा गेल्यावर, मूलबाळ नसताना, तिनं दोन म्हशींवर घर चालवलं. ती एकटी आहे म्हणून तू कळवळायचास. ती म्हणायची, “एकटी कुठं? आमी तिघी हाय की.”

कृष्णेचं पाणी तिच्या गावात शिरलं तेव्हा आपण दोघं टेम्पोनं निघालो आणि पाणी लागलं तिथून पुढं बोटीनं गेलो. आक्का गोठ्यात गुडघाभर पाण्यात उभी होती. दोन म्हशी आणि एक लहान रेडी. तिच्या हातात विळा होता. म्हणाली, “दावी कापून येतो, थांब जरा.” बोटवाला घाई करत होता. तू म्हणालास, “सोडलीस तर वाहून जातील की! बांधलेलीच ऱ्हाऊ देत. उद्या सकाळपातूर पाणी उतरतंय. काय होत न्हाय, आक्का.” तिचा विश्वास बसेना. तिनं माझ्याकडं बघितलं. मी शिकलेला, मास्तर. मी म्हणालो, “व्हय आक्का, उतरतंय पाणी.” मग तिनं विळा आढ्याला खोवला आणि बोटीत बसली.

पाणी उतरलं नाही. सहा दिवस आपण तिच्याबरोबर एका शाळेत राहिलो. रोज सकाळी ती विचारायची आणि रोज सकाळी तू सांगायचास, चार बोटं उतरलंय, आज ठाव लागेल. पाणी चढतंय हे आपल्याला मोबाईलवर दिसत होतं. मी शेजारी बसून मान हलवत होतो. सातव्या दिवशी जाऊन बघितलं तर दावी इतकी ताणली होती की गाठ सुटेना. कापावी लागली. आक्का रडली नाही. एवढंच म्हणाली, “तुला ठावं न्हवतं, तर उतरंल म्हणून कशाला सांगितलंस?”

“तुला धीर यावा म्हणून, आक्का.”

“धीर मला न्हाय, तुला पायजे होता. आता माझ्या दारात येऊ नको, इलास.”

मला ती काहीच बोलली नाही. ते मला त्या वेळी बरं वाटलं होतं.

पुढच्या भाऊबीजेला तू गेलास, तिनं दार उघडलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा गेलास, पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी तू गेला नाहीस. “मीबी तिचाच भाऊ हाय,” म्हणालास आणि तिथून पुढं तिचं नाव काढायचं बंद केलंस. पण मी तुझ्याबरोबर रोज फिरत होतो, मला दिसत होतं. पुरातून कोल्हापूरला परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी आपण नेहमीसारखे दूध कट्ट्यावर गेलो. समोर म्हैस बांधलेली, माणूस धार काढतोय, फेसाळ ग्लास तुझ्या हातात आला. तू म्हशीच्या गळ्यातल्या दाव्याकडं बघितलंस आणि ग्लास माझ्या हातात दिलास. त्यानंतर तू दूध प्यायला नाहीस. माझ्या घरी आलास की माझी बायको तुझा चहा कोरा करायची. कुणी कारण विचारलं तर तू पित्त होतं म्हणून सांगायचास.

त्याच संध्याकाळी तू मला म्हणालास, “शिरप्या, एक गोष्ट ध्यानात ठेव. माझ्यावर कसलीबी येळ आली, तर तू मला असला धीर देऊ नको. खोटा धीर देणारा माणूस बांधून मारतोय.” कट्ट्यावरची दहा माणसं वळून बघायला लागली, इतक्या मोठ्यानं बोललास. मी हो म्हणालो. तू ऐकेनास, हातावर हात मारून घेतलास.

त्या दिवसापासून तुझा फळा बदलला. गोडगोड विचार गेले. ‘गोड बोलणाऱ्या पाव्हण्यापेक्षा तोंडावर बोलणारा शेजारी बरा.’ दळणाला येणाऱ्या बायका कुरकुरायला लागल्या, कारण आता तू सरळ सांगायचास, “मावशी, ह्यो दारू सोडणार न्हाय, तुम्ही तुमची सोय बघा.” रंकाळ्यावर फिरताना आपलं रोज भांडण. मी म्हणायचो, माणसाला रात्री झोप लागली पाहिजे, खरं कळून तो करणार काय? तू म्हणायचास, ते त्याचं त्याला ठरवू दे, तू कोण? मी म्हणायचो, मैत्री म्हणजे दुसऱ्याचं ओझं थोडं आपल्याकडं घेणं. तू म्हणायचास, ओझं घे की, पण त्याच्या डोक्यावर ओझं हाय हे त्येला सांगून घे. एवढी वर्षं हा वाद चालला. निकाल लागला नाही.

माझ्यावरही तू तेच औषध चालवलंस. निवृत्तीनंतर मी माझ्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. लोकांनी वा वा केलं, नारळ दिले. तू हॉलच्या मधोमध उभा राहून गिरणीच्या आवाजात म्हणालास, “शिरप्या, ही चित्रं तू नोकरीवर काढल्यासारखी काढलीयास. मनापासनं काढलेलं ह्यात एकबी न्हाय.” मी दोन महिने तुझ्याशी बोललो नाही. तू रोज संध्याकाळी दाराशी उभा राहून “चल रंकाळ्याला” म्हणून हाक मारायचास आणि एकटाच जायचास. मग एक दिवस मी आलो. त्यानंतर मी कुणाला दाखवायची म्हणून चित्रं काढली नाहीत. तुझ्या गिरणीत पोत्यावर बसून पीठ पडताना काढलं, तुझे पांढरे झालेले हात काढले, दळणाच्या रांगेतले डबे काढले. गेल्या काही वर्षांत मला जो काही आनंद मिळाला तो त्या पोत्यावर मिळाला. तो तुझ्या त्या एका खऱ्या वाक्यामुळं मिळाला, हे मी तुला कधी बोललो नाही. आज बोलतो आणि मान खाली जाते, कारण त्याच्या बदल्यात मी तुला काय दिलं?

पाच महिन्यांपूर्वी तुझं जेवण तुटलं, वजन उतरलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला आणि तुझ्या प्रवीणला बाहेरच्या खोलीत बसवून सगळं सांगितलं. आजार पसरला होता. चार महिने, फार तर सहा. प्रवीण पुण्याहून आलेला, त्याचं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, “काका, पप्पांना सांगायचं न्हाय. ते खचतील.” सुमन वहिनींनी माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. मी त्यांना दोष देत नाही. आपल्याकडं असंच करतात, सगळ्याच घरात करतात. मीही माझ्या वडिलांच्या वेळी केलं होतं. पण हातावर हात त्या दोघांनी मारला नव्हता, मी मारला होता.

आत आलो तर तू उठून बसलेला. पाच खाटांना ऐकू जाईल असं विचारलंस, “काय म्हणतोय डॉक्टर? खरं सांग, शिरप्या.”

मी म्हणालो, “आतड्याला सूज हाय. अल्सर म्हणतात. दोन-तीन महिन्यांत बरा हुशील.”

तू माझ्याकडं जरा वेळ बघितलंस. मग “असं व्हय?” म्हणून उशीला टेकलास आणि पेरू आणायला सांगितलास. तुझा विश्वास बसला, कारण सांगणारा मी होतो. प्रवीणनं सांगितलं असतं तर तू खोदून खोदून विचारलं असतंस.

दुसऱ्या दिवशी तू खडूचा डबा माझ्याकडं दिलास. बरा होईपर्यंत फळा तू बघ, म्हणालास. आणि रोज मी आलो की तुझा पहिला प्रश्न, “आज काय लिहिलंस?” मी काय लिहिणार? मी तुझ्यासाठी लिहीत होतो, सगळ्या पेठेसाठी नाही. उमेद, हिंमत, उद्याचा सूर्य. ज्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता ते मी चांगल्या अक्षरात लिहीत होतो आणि तुला येऊन सांगत होतो. तू हसायचास. “लई गुळमट लिहितोयास, गूळ सस्ता झालाय काय?” पण तुला बरं वाटायचं. ते मला दिसायचं आणि मी स्वतःला शाबासकी द्यायचो.

मग एक दिवस तू आक्काचं नाव काढलंस. इतक्या वर्षांनी. “शिरप्या, बरा झाल्यावर आक्काकडं जातो. आता ती दार उघडू दे नाहीतर न उघडू दे, दारात बसून ऱ्हातो.” मी म्हणालो, “मग आत्ताच जाऊया की.” हे मी म्हणालो, विलास, एवढं तरी मी म्हणालो. पण तू म्हणालास, “ह्या अवतारात न्हाय. तिला वाटंल, आजारी पडलाय म्हणून दया मागाय आलाय. ताठ चालत जाणार. आणि एक रेडी घिऊन जाणार.” तुझा चेहरा असा खुलला की मी पुढं बोललोच नाही. “व्हय,” म्हणालो, “बरा झाल्यावर जा.”

तिथून पुढं ते तुझं पालुपद झालं. बरा झाल्यावर. तू कुण्या ओळखीच्याला रेडी बघायला सांगितलंस. मला बाजारातून सुती दावं आणायला लावलंस. “एका हिसक्यात सुटंल असलं आण, गाठ बसणारं नको.” मी आणलं. तू खाटेवर बसून त्याची गाठ बांधून बघितलीस, ओढलीस, सुटली. पुन्हा बांधलीस, पुन्हा सुटली. मग ते गिरणीत खुंटीला लावून ठेवायला सांगितलंस.

आणि दोन महिन्यांपूर्वीची ती सकाळ. पोटात दुखत नव्हतं, तू दाढी करून बसला होतास. म्हणालास, “शिरप्या, गाडी कर. आज जाऊया. ताठ चालायचं राहू दे. मला काय बरं हुईल असं वाटत न्हाय लवकर.” दीड तासाचा रस्ता. गाडी दारात उभी राहायला दहा मिनिटं लागली असती. मी काय विचार केला, सांगू? आक्का तुला बघेल आणि तिला एका नजरेत कळेल. ती हंबरडा फोडेल, आणि तुला कळेल. माझं खोटं उघडं पडेल. म्हणून मी म्हणालो, “घाई काय हाय? जरा अंगात ताकद येऊ दे. ऊन उतरू दे.” मग “व्हय, बरा झाल्यावरच जाऊ,” म्हणून बनियनवरचा शर्ट काढून ठेवलास.

नंतर आक्काला फोन करायचा दोनदा विचार केला. ती आली तर तुला संशय येईल, म्हणून केला नाही. प्रवीणलाही करू दिला नाही. तुझं मन जपायचं म्हणून सुरू केलेलं खोटं शेवटी मी माझं खोटं जपायला वापरलं.

गेल्या आठवड्यात तुझा आवाज गेला. उभ्या आयुष्यात तू पहिल्यांदा हळू बोललास. मला कान तोंडाजवळ न्यावा लागला. “जायाचं न्हवं?” तू म्हणालास. मी विचारलं, कुठं? “आक्काकडं.” आणि मी, विलास, त्या वेळीही म्हणालो, “परवा जाऊ.”

परवा तू गेलास.

माणसं मला समजावतात. म्हणतात, आजारी माणसाला आतून सगळं कळतं, मास्तर, तो तुमच्यासाठी न कळल्यासारखं करत होता. तुमच्या मनाला लागू नये म्हणून. हे मानलं तर मी सुटतो. चार दिवसांत झोपही लागेल. पण तुला कळलं नव्हतं. शेवटच्या महिन्यात तू गिरणीचे दगड गुळगुळीत झाले म्हणून त्यांना टाकी लावून घ्यायला सांगितलीस. दिवाळीच्या दळणाची गर्दी आपण दोघं मिळून काढू, म्हणालास. मरणार हे कळलेला माणूस दगडाला टाकी लावायला सांगत नाही, आणि आक्काकडं जायचं पुढं ढकलत नाही. तुझा माझ्यावर विश्वास होता, एवढंच होतं ते. तुला कळलं होतं असं म्हणून मला स्वतःला धीर द्यायचा नाही. असल्या धिराला तू काय म्हणायचास, ते मी विसरलेलो नाही.

आज सकाळी पंचगंगेवर तुझी रक्षा होती. आक्का पहिल्या एस.टी.नं आली. तुझी बातमी तिला आमच्यापैकी कुणी दिली नव्हती, गावातल्या कुणाकडून तरी काल कळली. पंच्याहत्तरीची बाई, पाठीत वाकलेली, हातात किटली. किटलीत दूध होतं. पुढं आली, कुणाला न विचारता तुझ्या राखेवर ते दूध तिनं थोडं थोडं करत ओतलं, शेवटचा थेंब झटकून घेतला. तेव्हा मला कळलं की तिच्या गोठ्यात पुन्हा म्हैस आली आहे. ते तुला माहीत नव्हतं, आणि तू तिच्यासाठी रेडी शोधत होतास हे तिला माहीत नव्हतं.

नैवेद्य ठेवला. कावळा लगेच शिवला. इतका लगेच की पाठीमागची माणसं अजून चपला काढत होती. सगळ्यांना हायसं वाटलं. कुणीतरी म्हणालं, “काय सुद्धा इच्छा ऱ्हायली नव्हती बघा. सुखानं गेला माणूस.” प्रवीणनं डोळे पुसले, वहिनींनी हात जोडले. कावळ्यालाही कुणी शपथ घातली होती की काय कोण जाणे.

लोक पांगायला लागले तशी आक्का माझ्यासमोर येऊन उभी राहिली. लहानपणापासून ती मला शिरपाच म्हणते.

“शिरपा, पाच म्हैनं पडून होता म्हणं.”

“व्हय.”

“फळ्यावर अल्पशा आजार लिवलंय, येताना वाचला.” तिनं जरा दम घेतला. “मला एकदाबी बोलवावं वाटलं न्हाय त्येला? एवढा राग हुता?”

मला दोन वाक्यांत तिला बरं वाटेल असं काहीतरी सांगता आलं असतं. शुद्ध नव्हती, आक्का. नाव घेत होता तुझं, पण आवाज फुटत नव्हता. ती मान हलवून एस.टी.त बसली असती. माझ्या तोंडात ते आलंही होतं. पण राख ओली होती, आणि तिच्या हातात रिकामी किटली होती.

मी सांगितलं, “आक्का, तो येणार हुता. मीच येऊ दिलं न्हाय.” आणि मग सगळं सांगितलं. आजार लपवलेला, रेडी, दावं, त्या सकाळी मागितलेली गाडी, परवा. माझं बोलून झाल्यावर ती नदीकडं बघत राहिली, आणि तिकडंच बघत म्हणाली,

“म्हंजे तू त्येलाबी पाणी उतरंल म्हणून सांगितलंस.”

शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती तर मी उभा राहिलो असतो. मी घाटाच्या पायरीवर बसलो. एवढ्या वर्षांत मला ती त्या बोटीबद्दल पहिल्यांदा बोलली.

जाताना ती म्हणाली, “त्येचं दावं कुठं हाय? दे.” मी तिला गिरणीत घेऊन गेलो. कुलूप काढलं, पीठ सगळीकडं तसंच. खुंटीवरचं दावं मी तिच्या हातात दिलं. तिनं त्याला गाठ मारली आणि एक हिसका दिला. सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. मग दुमडून पिशवीत ठेवलं आणि स्टँडवर सोड म्हणाली. एस.टी.त चढताना मी हात द्यायला गेलो, तर माझा हात बाजूला करून स्वतःच दांडा धरून चढली.

तिथून मी सरळ तालमीकडं आलो. दुपारचं कुणी नव्हतं. आधी ‘अल्पशा’ पुसलं, मग ती सगळी ओळच पुसली. वरची उमेद पुसली. सायकलवाला दुकानातून बघत होता. अर्धा तास मी खडू घेऊन उभा होतो. वहिनींची शपथ मोडते आहे, प्रवीण संध्याकाळी येऊन भांडेल, पेठेत चर्चा होईल. होऊ दे. त्यांची नावं मी घातलेली नाहीत, घालणारही नाही. ती शपथ मला नाकारता आली असती.

तू रोज विचारायचास, म्हणून सांगतो, आज काय लिहिलं ते. ‘विलास पाच महिने आजारी होता. तो वाचणार नाही हे मला माहीत होतं. त्याला मी बरा होशील म्हणून सांगितलं.’ खाली माझं नाव. अक्षर चांगलं आलेलं नाही. जागाही पुरली नाही, शेवटचे दोन शब्द चौकटीवर चढले आहेत. वाचून घे. पाच महिन्यांत तुला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट आहे.